देवगडच्या एरिया 2 साठी व्हर्च्युअल लिंक टाकावी का?

तुमच्या ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रूट कळवण्याची पद्धत) नेटवर्कची मांडणी अशी आहे, त्यात एरिया म्हणजे राउटरांचे गट आणि एरिया 0 हा सगळ्यांना जोडणारा कणा: रत्नागिरीचं मुख्य कार्यालय एरिया 0 मध्ये, लांजा-राजापूर-कणकवली पट्टा एरिया 1 मध्ये, आणि देवगडची नवी शाखा एरिया 2 म्हणून फक्त कणकवलीच्या राउटरला जोडलेली. देवगडचे रूट कणकवलीत दिसतात, रत्नागिरीत एकही नाही.

हा बिघाड नाही, ओएसपीएफचा नियमच आहे. एबीआर (दोन एरियांच्या सीमेवरचा राउटर) दुसऱ्या एरियाचे रूट शिकतो ते फक्त एरिया 0 मधल्या समरी एलएसएवरून (रूटचा सारांश देणाऱ्या संदेशांवरून). लूप टाळण्यासाठी ही अट घातली आहे. कणकवलीचा पाय एरिया 0 मध्ये नाही, त्यामुळे सिस्कोचा राउटर तिथे स्वतःला एबीआर मानतच नाही.

आधी विचारा, एरिया 2 हवाच कशाला? सगळे मिळून डझनभर राउटर असतील तर देवगड सरळ एरिया 1 मध्ये घ्या. देवगडच्या राउटरवर आणि कणकवलीच्या त्या इंटरफेसवर एरिया क्रमांक बदलला की काम झालं. एवढ्या छोट्या डेटाबेसचा आजच्या राउटरला काही भार होत नाही. माझं मत ठामपणे हेच आहे.

एरिया 2 वेगळा ठेवणं भागच असेल, तर व्हर्च्युअल लिंक (मधल्या एरियातून एरिया 0 शी जोडणारा आभासी दुवा) रत्नागिरी आणि कणकवली या दोन टोकांमध्ये, एरिया 1 मधून जाईल. राउटर आयडी (राउटरची ओळख सांगणारे क्रमांक) अनुक्रमे 10.255.0.1 आणि 10.255.0.5 धरले, तर राउटर ओएसपीएफ 1 खाली

रत्नागिरी: एरिया 1 व्हर्च्युअल-लिंक 10.255.0.5
कणकवली: एरिया 1 व्हर्च्युअल-लिंक 10.255.0.1

इथला क्रमांक मधल्या एरियाचा, म्हणजे 1. बरेच जण 2 लिहितात. पत्ता समोरच्याचा राउटर आयडी असतो, इंटरफेसचा आयपी नव्हे. म्हणून दोन्हीकडे राउटर आयडी हाताने बांधून ठेवा. नाहीतर उद्या कुणी नवा लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) टाकला, राउटर रीबूट झाला, आयडी बदलला आणि लिंक गेली. चालू प्रोसेसचा आयडी बदलायला ती रीस्टार्ट करावी लागते, तेव्हा सगळे नेबर (शेजारच्या राउटरांशी जुळलेली जोडणी) पडतात. हे काम रात्रीच करा.

एरिया 1 स्टब किंवा एनएसएसए (बाहेरच्या रूटवर बंधन असलेले एरियाचे प्रकार) असेल तर व्हर्च्युअल लिंक चालत नाही. एरिया 2 मात्र खुशाल स्टब करा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते ऑथेंटिकेशन. व्हर्च्युअल लिंक एरिया 0 चा भाग असते. त्यामुळे एरिया 0 वर एमडी5 (ऑथेंटिकेशनची एक पद्धत) लावलेलं असेल, तर कणकवलीवरही एरिया 0 चं ऑथेंटिकेशन चालू करावं लागतं आणि त्याची की (पासवर्ड) दोन्हीकडच्या व्हर्च्युअल-लिंक ओळीवर द्यावी लागते, जरी कणकवलीत एरिया 0 चा एकही खरा इंटरफेस नसला तरी. त्यात सिस्को ही लिंक डिमांड सर्किट म्हणून चालवतं: एकदा नेबर फुल झाला की हॅलो (शेजारी चालू आहे का हे बघणारे संदेश) थांबतात. म्हणून की चुकीची बदलली तरी लगेच काही कळत नाही. पुढे कधीतरी फायबर तुटून परत आली की लिंक उभीच राहत नाही. की बदलल्यावर रात्री प्रोसेस क्लिअर करून खात्री करा.

तपासताना "शो आयपी ओएसपीएफ व्हर्च्युअल-लिंक्स" मध्ये नुसतं अप बघून उठू नका. अप म्हणजे एरिया 1 मधून समोरचा राउटर पोचण्याजोगा आहे, एवढंच. खाली ॲडजसन्सी (दोन राउटरांची जुळणी) फुल दिसली पाहिजे. शिवाय ओएसपीएफचं मानक असलेल्या आरएफसी 2328 प्रमाणे एरिया 0 ची रेंज मधल्या एरियात समराइझ होत नाही (रूट एकत्र न होता सुटे जातात), त्यामुळे राजापूरच्या टेबलमध्ये रूट अचानक वाढले तर घाबरू नका.

व्हर्च्युअल लिंक हा साकव आहे, पलीकडे पोचवतो, पण वर्षानुवर्षं त्याच्याच भरवशावर राहू नये. महामार्गालगतची फायबर हातखंब्याजवळ तुटली तर एरिया 1 सोबत देवगडही जाईल; व्हर्च्युअल लिंकमुळे पर्यायी मार्ग तयार होत नाही. फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे दुसरं सर्किट घेणार असाल आणि त्याचं दुसरं टोक रत्नागिरीच्या एरिया 0 मध्येच येत असेल, तर ते कणकवलीत एरिया 0 मध्येच उतरवा. सध्याच्याच फायबरवर दुसरा व्हीलॅन (त्याच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) मिळत असेल तर तो एरिया 0 ला द्या, पहिला एरिया 1 लाच राहू द्या. जीआरई टनेलनेही (पॅकेटवर दुसरं आवरण चढवून नेणाऱ्या मार्गानेही) जमतं, पण एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1476 वर येतो आणि डेटाही टनेलमधून जातो. व्हर्च्युअल लिंकमध्ये डेटावर वेगळं आवरण चढत नाही.

नवं सर्किट आलं की आधी त्यावर एरिया 0 चा नेबर फुल होऊ द्या, रत्नागिरीत देवगडचे रूट त्या बाजूने येतायत हे बघा, आणि मगच दोन्हीकडची व्हर्च्युअल-लिंक ओळ काढा.