आमचंच चुकलं का?

प्रश्न: ताई, मुलगा २०२० मध्ये पहिलीत गेला, सगळी शाळा मोबाईलवरच, फोन एकच आणि तोही ह्यांच्यासोबत कामावर. आता मोठा झालाय पण जोडाक्षर आलं की अडखळतो. आमचंच चुकलं का?

उत्तर: अजिबात नाही हो! पहिलीतलं पोर बाईंनी हात धरून गिरवून घेतलं की शिकतं, स्क्रीनवर बाईंना त्याची पेन्सिल कशी धरलीय तेही दिसत नव्हतं आणि रेंज गेली की सगळंच बंद. सह्याद्रीवर धडे लागायचे, चांगले होते, पण टीव्हीला शंका कशी विचारणार? खेड्यातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला परत उघडले, लहानग्यांचे त्याच्याही नंतर, हे मला फार लागतं. रोज १० मिनिटं शेजारी बसवून मोठ्याने वाचून घ्या, अडला तर शब्द फोडून दाखवा, रागावू मात्र नका.