जावात एक्सेप्शन हँडलिंग आणि इनपुट व्हॅलिडेशनचा सराव नेमका कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की शून्याने भागायचं उदाहरण दहा वेळा करून झालं, एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उद्भवणारी चूक) पकडायचं ट्राय-कॅच-फायनली पाठ आहे, पण स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसलं की कॅच कुठे घालायचा तेच सुचत नाही. साहजिक आहे. मुद्दाम शून्याने भागणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही. मी हे सगळं शिकलो ते म्हापशाच्या मामाच्या नारळांवर.

मामाचा नारळांचा घाऊक धंदा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी त्याला बिलाचा छोटा प्रोग्राम करून दिला. नाव, मोबाईल, नग, दर टाकायचे, की बिल तयार. घरी शंभरदा चालवून पाहिला होता. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा शुक्रवार, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि मामाने नगांच्या जागी टाइप केलं "२०० नग". झालं! स्क्रीनवर "चुकीचा आकडा, पुन्हा टाका" ही ओळ धो धो पावसासारखी सुरू झाली, थांबेचना. मामा म्हणाला, "हो पिसो जालो मरे!" (हा वेडा झाला रे!)

गंमत अशी की नगांचे २०० बरोबर वाचले गेले होते. मागे उरलेला "नग" हा शब्द दराच्या नेक्स्टइंटच्या, म्हणजे पूर्णांक वाचणाऱ्या मेथडच्या, वाट्याला आला. नेक्स्टइंट इनपुटमिसमॅचएक्सेप्शन फेकतं, पण न पटलेला शब्द उचलून बाजूला टाकत नाही. तो स्कॅनरमध्ये (कीबोर्डवरचं इनपुट वाचणाऱ्या क्लासमध्ये) तसाच बसून राहतो. माझा कॅच संदेश छापायचा, लूप परत वर जायचा, परत तोच "नग". कॅचमध्ये एकदा नेक्स्टलाइन बोलावून ती ओळ रिकामी केली असती तरी भागलं असतं. पण माझं मत विचाराल तर नवशिक्याने नेक्स्टइंट वापरूच नये. पूर्ण ओळ नेक्स्टलाइनने घ्या, ट्रिम करा (कडेच्या स्पेस काढा) आणि पार्सइंटने, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या मेथडने, स्वतः आकडा काढा. आकड्यानंतर नाव विचारलं की नाव रिकामंच येतं, हा सगळ्यांना छळणारा प्रकारही त्यानेच जातो.

त्याच दिवशी दुसरा घोळ मोबाईलचा. मी तो इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, घेतला होता. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, आणि आपल्याकडचे दहा आकडी मोबाईल सुरू होतात ६ ते ९ ने, म्हणजे एकही त्यात मावत नाही. मग घरी कसं चाललं? मी चाचणीला दरवेळी १२३४५६७८९० टाकत होतो, आणि तो बरोबर मावतो! मोबाईल नंबरांची कोणी बेरीज करत नाही, त्यामुळे तो स्ट्रिंगच (मजकूरच) हवा. दहा आकडे आहेत का, पहिला ६ ते ९ मधला आहे का, एवढं पॅटर्नने (मजकुराच्या साच्याने, म्हणजे रेजेक्सने) तपासायचं.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो, आणि सराव म्हणून तुम्हालाही तेच सांगेन. कोड लिहायच्या आधी प्रत्येक रकान्यासाठी आठ-दहा वाईट इनपुट लिहून काढा, आणि शेजारी प्रोग्रामने काय करायला हवं ते लिहा. नगांसाठी माझ्या वहीत होतं: रिकामी ओळ, नुसती स्पेस, २,०००, -५, ०, १२.५, दीडशे, २०० नग, ३०००००००००. (इथे आकडे मराठीत छापलेत, तुम्ही टाइप करताना इंग्रजीच टाका. मराठीचं वेगळंच नाटक आहे, ते खाली.) आता प्रत्येकासमोर खूण करा की पार्सइंट इथे ओरडेल का. २,००० वर ओरडेल, दीडशेवर ओरडेल, तीनशे कोटींवरही ओरडेल. -५ आणि ० मात्र मुकाट गिळेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या खुणांतच आहे. जावा जिथे ओरडतं तिथे कॅच हवा, आणि जावाला चालतं पण मामाला चालत नाही तिथे साधा इफ.

मेथड अशी लिहा: लूप सुरू, ओळ वाचा, ट्रिम करा, रिकामी असेल तर सांगून परत वर. मग ट्रायमध्ये फक्त एकच ओळ, पार्सइंटची. कॅच फक्त नंबरफॉरमॅटएक्सेप्शनचा. त्याच्या खाली इफ, नग १ ते १०,००० मध्ये आहेत का. असतील तर रिटर्न. ट्रायमध्ये सगळा प्रोग्राम कोंबून खाली नुसता एक्सेप्शन पकडायचा मोह होतो. मला झाला होता, आणि माझ्याच कोडमधला नलपॉइंटर (नल व्हेरिएबल वापरल्याचा एक्सेप्शन) "चुकीचा आकडा" या संदेशाखाली दोन दिवस लपून बसला. मामा बिचारा बरोबर आकडे टाकत होता. चूक पकडून काहीच न करणारा रिकामा कॅच तर त्याहून वाईट.

आता मराठीचं नाटक. आज रात्रीच करून बघा. मराठी कीबोर्डवरून १२० टाइप करून पार्सइंटला द्या. तो चालतो! इंटिजरचं पार्सिंग युनिकोडमधले सगळे दशमान आकडे ओळखतं. तेच १२० डबलच्या (दशांश आकड्यांच्या) पार्सडबलला दिले की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. म्हणजे मराठीत टाकलेले नग चालतील, दर चालणार नाही. आणि पॅटर्नमधला बॅकस्लॅश-डी ("इथे एक आकडा" अशी खूण) वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. तीन ठिकाणी तीन तऱ्हा, तेव्हा आपण काय स्वीकारणार ते आधी ठरवून टाका.

पार्सडबलची आणखी एक खोड. इंग्रजीत एन-ए-एन, मधला ए लहान (नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही"), असं टाइप केलं तर ते आनंदाने स्वीकारतं. मग तुमचा "दर शून्य किंवा कमी असेल तर नाकारा" हा इफही त्याला सोडून देतो, कारण नॅनशी केलेली असली तुलना खोटीच ठरते. बिलावर रक्कम म्हणून नॅन छापून येतो. पैशांसाठी बिगडेसिमल (अचूक दशांशाचा क्लास) घ्या, ते याला दारातच अडवतं.

तारखेलाही फसू नका. डेटटाइमफॉरमॅटरला नुसता दिवस-महिना-वर्षाचा साचा दिला तर ३१/०२/२०२३ वर एक्सेप्शन येत नाही, गुपचूप २८ फेब्रुवारी होते. रिझॉल्व्हरस्टाइल स्ट्रिक्ट करायची आणि साच्यात वर्षासाठी वाय नव्हे, यू ही अक्षरं वापरायची.

थ्रो आणि थ्रोजमधला फरक विचारलात, तो थोडक्यात: थ्रो म्हणजे प्रत्यक्ष फेकणं, थ्रोज म्हणजे मेथडच्या दारावर लावलेली "इथून हे फेकलं जाऊ शकतं" अशी पाटी. प्रत्येक रकान्यासाठी स्वतःचा एक्सेप्शन क्लास काढत बसू नका. बिलाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नग उणे आले तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन पुरतं. फाइल वाचायला लागाल तेव्हा जावा ७ पासून आलेलं ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपलं की फाइल आपोआप बंद करणारं) वापरा, पण सिस्टम-इनवरचा, म्हणजे कीबोर्डवरचा, स्कॅनर त्यात घालू नका. तो बंद झाला की कीबोर्डच बंद, आणि पुढच्या वाचनाला नोसचएलिमेंटएक्सेप्शन.

व्हॅलिडेशनचा अतिरेकही होतो. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात म्हणून मी बाकीचे नाकारत होतो. तोवर सावंतवाडीचं गिऱ्हाईक आलं, ४१६५१० घेऊन.

मामा आजही "२०० नग" असंच टाइप करतो. "फक्त आकडा टाका" असं प्रोग्राम सांगायचा तेव्हा तो चिडायचा, "दोनशे म्हटलेलं तुला कळलं ना, मग परत कशाला विचारतोस?" त्याचं खरं होतं. मग मी आकडे सोडून बाकी सगळी अक्षरं पुसायचा कोड लिहिला, आणि वही काढून तपासला तर -५ चे ५ आणि १२.५ चे १२५ नारळ झाले. आता फक्त शेवटचा "नग" आणि हजाराचा स्वल्पविराम एवढंच काढतो, बाकी सगळ्याला परत विचारतो.