अशील: शीलाशी संबंध नाही, कोंबड्याशी आहे

वकील नायक असलेल्या अमेरिकन रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. 'ॲटर्नी'ला 'मुखत्यार' म्हणावं का? आणि 'क्लायंट'ला 'अशील' म्हटलं तर ते 'शीलभ्रष्ट'सारखं ऐकू येईल का?

पहिल्याचं उत्तर: नाही. कोशात दोन शब्द शेजारी दिसले म्हणून मुखत्याराला उचलून कोर्टात उभा करू नका. अमेरिकेत 'ॲटर्नी-ॲट-लॉ' हा सनद असलेला वकील आणि 'ॲटर्नी-इन-फॅक्ट' म्हणजे आपला कुलमुखत्यारपत्रवाला. परदेशी असलेल्या पुतण्याचा ठाण्यातला फ्लॅट विकायला दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही-अंगठा करणारा काका हा मुखत्यार. तो खुनाच्या खटल्यात उलटतपासणी घेत नाही. (या 'कुल'चाही आपल्या कुळाशी संबंध नाही, तो अरबी 'कुल्ल' म्हणजे सगळं.) १८७९च्या वकिली व्यवसायाच्या कायद्यात मुखत्यार नावाचा एक कनिष्ठ व्यावसायिक होता खरा, पण रहस्यकथांतल्या लॉस एंजेलिसच्या नामांकित वकिलाला, पेरी मेसनला, त्या रांगेत कशाला बसवता? वकील म्हणा. 'डिस्ट्रिक्ट ॲटर्नी' मात्र आहे तसा ठेवा. आपल्याकडचा जिल्हा सरकारी वकील नेमलेला असतो, कॅलिफोर्नियातला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी निवडून येतो. कथेत त्याला पुढच्या निवडणुकीची जी धास्ती असते, ती 'सरकारी वकील' लिहिलं की उडून जाते.

आता अशील. हल्ली मालिकांत आणि अनुवादांत हा शब्द दिसेनासा झालाय. 'माझे क्लायंट', 'माझे पक्षकार', एका ठिकाणी तर चक्क 'माझे ग्राहक'! वकिलाने काय किराणा मालाचं दुकान टाकलंय? 'पक्षकार' हा दाव्यातला कुठलाही पक्ष, समोरचासुद्धा, सरकारसुद्धा. ज्याचं वकीलपत्र आपण घेतलं तो अशील. हा फरक कोर्टकथेत जीव की प्राण असतो. १९८७ साली अमेरिकन लेखक स्कॉट टुरोच्या पहिल्या कादंबरीत सरकारी वकिलावरच सहकारी स्त्रीच्या खुनाचा आरोप येतो आणि त्याला स्वतःसाठी वकील गाठावा लागतो. वकील असलेला माणूस अशील होतो, ही त्या कथेची कळ. तिथे 'पक्षकार' लिहून पाहा.

शब्द टाळण्याचं कारण मला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं: 'अ' अधिक 'शील', म्हणजे शील नसलेला. कोर्टाची पायरी चढणारा सज्जन नसतो म्हणून त्याला अशील म्हणायला लागले, असं एका व्युत्पत्तिप्रेमींनी भाषणात सांगितलं आणि टाळ्याही मिळवल्या. टाळ्यांनी व्युत्पत्ती ठरत असती तर कोशकारांनी तमाशाचा फड काढला असता.

शब्द अरबी आहे: 'असील'. 'असल', 'अस्सल' त्याच घरचे. असील म्हणजे मूळचा, शुद्ध, खानदानी. अरबी कायद्याच्या भाषेत 'असील' आणि 'वकील' ही जोडीच आहे. काम ज्याचं तो मूळ माणूस असील, त्याने ज्याच्यावर ते सोपवलं तो वकील. म्हणजे आपण ज्याला शीलहीन ठरवायला निघालो तो शब्दशः अस्सल माणूस, आणि वकील त्याच्या वतीने बोलणारा. झुंजीचा असील कोंबडा ठाऊक असेल, उंच मानेचा, आखूड पिसांचा, मरेपर्यंत माघार न घेणारा. तोही हाच शब्द, शुद्ध जातीचा म्हणून. वकिलाचा अशील आणि झुंजीचा कोंबडा सख्खे भाऊ!

मग 'स'चा 'श' कसा झाला? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते आणि ते संस्कृतकडे पळतात. पळायचं कारण नाही. परक्या शब्दातल्या 'सि-सी'ला मराठी जीभ 'शि-शी' करते. नसीबचं नशीब, वसीलाचा वशिला, सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस, तफसीलचा तपशील. 'तहसील' अपवाद वाटेल, पण जुन्या मराठीत तहशीलच आहे. आताचं रूप सरकारी छापील कागदाने टिकवलं. कोंबडा असीलच का राहिला? माझं मत असं, की कोर्टातला शब्द मराठी तोंडात पिढ्यान्‌पिढ्या घोळला आणि कोंबड्याचा बाहेरच्या बाजारातून, हिंदी बोलणाऱ्या विक्रेत्यांबरोबर नंतर आला.  

अनुवादकासाठी एक कामाची गोष्ट राहिली. 'अशीलाला', 'अशीलाने' असं लिहू नका. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द विभक्तीत दीर्घच राहतो: शरीर, शरीराला. बाकीच्यांचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ 'ई-ऊ' ऱ्हस्व होतो: वकील, वकिलाला. तसंच अशील, अशिलाला. आणि ज्यांना शब्द संस्कृतच वाटतो त्यांनी आपली जुनी लेखी कामं काढून पाहावीत, तिथेही 'अशिलाच्या वतीने' असंच लिहिलेलं सापडेल.