रंगाऱ्याला आत्ताच चावी देऊ नकोस

चि. भाचीस अनेक आशीर्वाद,

कोथरूडच्या फ्लॅटसाठी रंगाऱ्याने दिलेला आकडा वाचला. त्याने भिंती मोजल्या, की नुसता कार्पेट एरिया विचारून साडेतीनने गुणलं? बरेचजण गुणाकारच करतात, आणि मग खिडक्या, दारं, ओट्यावरच्या टाइल्ससुद्धा हिशोबात रंगून निघतात. टेप लावून मोजून घे. पण रंगाचं नंतर. भाडेकरू गेलेत, सध्या घरात सामान नाही, पाणी वापरणारं कोणी नाही. गळती शोधायला याहून बरी वेळ मिळणार नाही.

बेडरूमची जी भिंत फुगली आहे, तिच्यामागे बाथरूम आहे. पोपडे निघालेत आणि पांढरी भुकटी सुटते, म्हणजे प्लास्टरमधून पाणी फिरतंय आणि क्षार बाहेर येताहेत. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर वर्षही टिकणार नाही. आधी खालच्या काकूंना सांग, मग नहाणीच्या जाळीत फडकं घट्ट कोंबून बाथरूममध्ये इंचभर पाणी साठव. पातळी टाइलवर पेन्सिलने आखून ठेव. चोवीस तासांनी रेघेखाली स्पष्ट उतरलं, किंवा काकूंच्या छताला ओल धरली, तर टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅपची (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागाची) कड किंवा खालचं वॉटरप्रूफिंग यांपैकी काहीतरी गेलंय. पाणी जागेवर राहिलं आणि तरी भिंत ओलीच, तर भिंतीतल्या पाइपावर संशय घे. नुसते सांधे गेले असतील तर जुनं ग्राउट (सांध्यांतला भराव) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यावर बऱ्याचदा भागतं. सगळं बाथरूम फोडायला सांगणाऱ्या प्लंबरचं लगेच ऐकू नकोस. आधी दुसऱ्याला दाखव.

हॉलची खिडकीकडची ओल वेगळी. ती फक्त पावसाळ्यात येते ना? मग बाहेरच्या भिंतीला तडा असणार, आणि बाहेरून येणारं पावसाचं पाणी हे आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीचं काम. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती मात्र आपली. फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी सांगितलेलं मीटिंगपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता भाडेकरूंचं डिपॉझिट. तू त्यातून कापायच्या गोष्टींची जी यादी केली आहेस, तिच्यातल्या निम्म्या काढून टाक. उन्हाने विटलेला रंग, स्वयंपाकघरातला तेलकट थर, कॅलेंडरचे चार खिळे, ढिली झालेली बिजागरी, ही वापराची झीज. मालमत्ता हस्तांतरण कायदा (१८८२) भाडेपट्ट्याच्या बाबतीत वाजवी झीज भाडेकरूवर टाकत नाही. आपला करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं लागू नाही, पण हिशोब तोच न्याय्य आहे. तडकलेलं वॉश बेसिन आणि परस्पर काढून नेलेला पंखा याचे पैसे घे, तेही पंखा करारातल्या सामानाच्या यादीत लिहिलेला असेल तरच. बेसिन दहा वर्षांचं होतं. नव्याची पूर्ण किंमत त्यांच्याकडून वसूल करणं मला पटत नाही. वीजबिल शेवटच्या रीडिंगपर्यंतचं लाव, बिलांच्या प्रती पाठव आणि उरलेली रक्कम अडकवून ठेवू नकोस.

कामाचा क्रम चुकला की खर्च दुप्पट. आधी तोडफोड आणि प्लंबिंग, मग वायरिंग, मग टाइल्स, मग सुतार, आणि रंगारी सगळ्यात शेवटी. नवं प्लास्टर केलंस तर आठवडाभर पाणी मार आणि ते नीट वाळेपर्यंत, साधारण महिनाभर, त्या भिंतीला लांबी लावू देऊ नकोस. रंगारी घाई करेल. करू दे. भाड्याचा एक महिना जातो म्हणून तुझा जीव खालीवर होईल हे कळतं, पण कोरड्या खोल्या तोवर उरकता येतात. फक्त पोपडा निघाला तेवढ्यावरच ठिगळ मारू नका, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी रंगवा, आणि डब्यावरच्या शेड नंबरचा फोटो काढून ठेव.

वायरमन आला की आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्टचं बटण दाबून दाखवायला सांग. खटका पडला नाही तर ते बदलायचंच. गीझर उघडून खार काढून घे, बोअरच्या पाण्याने तो भरलेला असणार. मुख्य दाराचं लॅच बदल. जुन्या चाव्या किती जणांकडे आहेत, कोणाला ठाऊक. आणि घरात झुरळं आणि वास आहे म्हणालीस, त्यासाठी पेस्ट कंट्रोलच्या आधी प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी ओत. वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराची हवा सरळ वर येते.

राडारोडा घंटागाडीत चालत नाही, तेव्हा टेम्पोचे पैसे ठेकेदाराच्या रकमेत आहेत का ते आधीच विचार. माल स्वतः आण, मजुरी टप्प्याटप्प्याने दे, आणि प्लंबरचा शेवटचा हप्ता बाथरूमची पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा झाल्यावरच. मॉड्युलर किचनचा विचार सोड. त्या इमारतीत त्यापायी भाडं फारसं वाढत नाही. बिलं जपून ठेव, पण आयकरात ती वेगळी वजा होतील या भरवशावर राहू नकोस. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर जे उरतं, त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीला शून्य खर्च झाला तरी तेवढीच आणि लाख झाला तरी तेवढीच.

नवा करार नोंदवूनच कर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. या वेळी सामानाची यादी आणि फोटो करारालाच जोड.

पाणी उद्या सकाळी साठव. परवा रेघेचा फोटो पाठव, मग प्लंबर कोणता बोलवायचा ते ठरवू.

तुझा
मामा