वसतिगृहातील टाकी आणि कावीळ

प्रश्न : मी एका शासकीय विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. गच्चीवरील टाकी शेवटची कधी धुतली, हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मजल्यावरील दोघींना नुकतीच कावीळ झाली. तक्रार केली असता 'पाणी नगरपालिकेचेच आहे' असे उत्तर मिळते. काय करावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नगरपालिकेचे पाणी शुद्ध असले, तरी ते अस्वच्छ टाकीत साठले किंवा गळक्या सांडपाण्याच्या नळाजवळून आले की पुन्हा दूषित होऊ शकते, त्यामुळे तुम्हाला मिळालेले उत्तर अपुरे आहे. भारतीय मानकानुसार क्लोरिनने शुद्ध केलेल्या पाण्यात वापराच्या ठिकाणी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरावे लागते. आपल्याकडे ग्रामपंचायतीत होणारी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी (पाण्यात द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरिन आहे) स्वस्त व झटपट असल्याने, तीच वसतिगृहाच्या नळावर करण्याचा आग्रह धरा.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस 'ए'ची लक्षणे संसर्गानंतर 2 ते 7 आठवड्यांनी दिसतात, म्हणजे आज आजारी पडलेल्या मुलीला लागण बहुधा महिन्याभरापूर्वी झालेली असते. म्हणून आणखी रुग्ण निघण्याची वाट न पाहता पाणी खळखळून उकळूनच प्यावे. सॅनिटायझरवर विसंबू नये, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणानेच हात धुवावेत.

टाकीसाफीच्या तारखा व पाणीतपासणीचे अहवाल माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून मागता येतात. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, परंतु कावीळ तेवढे थांबत नाही, तेव्हा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला रुग्णांविषयी आजच लेखी कळवा.