आईवडील भारतातून आलेत, हातात एकच दिवस आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून पॉइंट लोबोसला जावं का? वडिलांचे गुडघे दुखतात.

जरूर जा, पण सगळंच पाहायचा हट्ट धरू नका. मी आईला घेऊन गेले होते, तेव्हा दिवसभरात आम्ही तीनच जागी थांबलो.

पॉइंट लोबोस हे समुद्रकाठचं राखीव निसर्ग-पार्क कार्मेल गावाच्या थोडं दक्षिणेला, किनाऱ्याने जाणाऱ्या हायवे वनला लागूनच आहे. आत गाड्यांना जागा फार कमी. फाटक सकाळी 8 ला उघडतं, त्याच सुमाराला पोचा.

आधी व्हेलर्स कोव्ह ही छोटी खाडी. तिथली लाकडी झोपडी 1850 च्या दशकात चिनी मच्छीमारांनी बांधली. वाकून पाहा, तिच्या जमिनीला खालून व्हेलच्या मणक्यांचे टेकू आहेत! पुढे अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज याच खाडीत व्हेल ओढून आणत आणि चरबी उकळून तेल काढत. आज त्याच खाडीत, ओहोटी असली की सील खडकांवर निवांत पडलेले असतात. आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

इथेच केल्पच्या लांबलचक शेवाळात समुद्री पाणमांजर शोधा. दुर्बीण न्याच. आम्हाला आधी नुसता टक्-टक् आवाज आला, मग दिसलं: उताणं तरंगत, पोटावरच्या दगडावर शिंपला आपटत होतं. या प्राण्याला चरबीचा थर नसतो, थंडीपासून वाचवते ती दाट लवच. आणि त्या लवेपायीच त्यांची इतकी शिकार झाली, की या किनाऱ्यावरून ते संपले असंच लोक समजत होते. 1938 मध्ये इथून जवळच, बिक्सबी क्रीक या ओढ्याच्या मुखाशी एक कळप दिसला.

नंतर वेस्टन बीच. गुडघ्यांना सोयीची जागा, रस्त्यालगतच आहे. पार्कात इतरत्र दिसतो तो ग्रॅनाइटच्या जातीचा खडक साधारण 8 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर थिजलेला. इथे मात्र समुद्राखालच्या दरीत साचलेल्या वाळूचे थर तिरपे उभे आहेत आणि त्यांत गोल गोटे घट्ट रुतलेत. एकही गोटा उचलू नका, मनाई आहे.

उन्हाळ्यातही जाडं जॅकेट घ्या, धुकं येतं. एप्रिल-मे असेल आणि वडिलांना पायऱ्या जमत असतील, तर चायना कोव्हच्या वर जाऊन खाली डोकावा. सीलची पिल्लं आईला बिलगून पोहत असतात. फक्त बोलायचं हळू, कारण दचकली की आई पाण्यात जाते आणि पिल्लू एकटं मागे राहू शकतं.