एका वेळी एकच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कार्ब्युरेटर काढून तू हाताने पेट्रोल इंजेक्शन बसवलेली मारुती ८०० सकाळी छान चालते. दुपारी जळगावच्या उन्हात अर्धा तास उभी राहिली की स्टार्ट होते आणि लगेच बंद पडते. त्यावर तू आठ दिवसांत इंजेक्टर बदललेस, पंप बदललास, इंजिन किती हवा ओढतं ते सांगणारं व्हीई टेबल तीनदा नव्याने भरलंस. आता ती सकाळीही नीट चालत नाही. 'कुठे चुकलं तेच कळत नाही' असं लिहिलंस. कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदल, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

रागावलोय, पण तुझ्यावर निम्माच. उरलेला राग जुना आहे.

माझ्याकडे पद्मिनी होती, १०८९ सीसीची. तिच्यावर सहा महिने रात्री जागून मी इंजेक्शन बसवलं. मेहुण्याच्या लग्नाला औरंगाबादला जायचं होतं, म्हणून आदल्या रात्री एकाच बैठकीत तीन कामं उरकली. प्रेशर रेग्युलेटर बदलला, ठिणगीचं टायमिंग दोन अंश पुढे घेतलं आणि वरच्या लोडचं पेट्रोल थोडं कमी केलं. चाळीसगावपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मग कन्नडचा घाट. तिसरा गिअर, गाडीत पाच माणसं. इंजिनातून पत्र्यावर बारीक खिळे टाकल्यासारखा आवाज येऊ लागला. मला तो ऐकू आला होता. वरच्या वळणापर्यंत काढू, म्हटलं. वळणाआधीच ताकद गेली, मागे निळा धूर. ही आहेराची पिशवी मांडीवर घेऊन कठड्यावर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनचा काठ वितळलेला. त्या तीन बदलांपैकी कोणी घात केला, ते मला आजही ठाऊक नाही. पिस्टन नवा मिळाला. ते उत्तर काही मिळालं नाही.

तुझे वडील कपाशीला खत, फवारणी आणि पाणी एकाच दिवशी देतील आणि पातेगळ झाली तर दोष कशाला देतील? त्यांना विचार. ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता गाडीकडे ये. फोटोत हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या ॲल्युमिनियममध्ये पिळलेला दिसतो. इंजिन बंद केलं की खालची सगळी धग त्या धातूत चढते आणि सेन्सर हवा मोजायचं सोडून धातू मोजतो. इंजेक्शन चालवणारा तुझा कंट्रोलर, स्पीडुइनो, बिचारा दाब आणि तापमान यांवरूनच हवेचा हिशेब मांडतो. समज, बाहेर ४५ अंश आहेत आणि सेन्सर सांगतोय ८०. दोन्हींत २७३ मिळव आणि ३१८ ला ३५३ ने भाग. ०.९० येतात. म्हणजे हवा विरळ समजून तो पेट्रोल दहा टक्के कमी सोडतो, आणि हवा-पेट्रोलचं १४.७ चं मिश्रण १६.३ वर. तापलेलं इंजिन आयडलला त्यावर कसं टिकेल? टेबलाचा यात काही दोष नसावा. तू मात्र तेच खोडत बसलास.

इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, रेलमध्ये, पेट्रोलची वाफ होत असेल, असाही संशय आहे. पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला निकाली निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

शेवटी सांगितलेली उन्हातली चाचणी झाली की सेन्सर काढून तपास. बर्फाच्या पाण्यात, माठातल्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडव, शेजारी थर्मामीटर ठेव आणि तिन्ही वेळी मल्टिमीटरने ओहम मोजून वहीत लिही. आकडे बरोबर आले तरच जागा बदल. फिल्टरजवळच्या प्लॅस्टिकच्या नळीत, गार हवेच्या वाटेवर बसव. त्या दिवशी बाकी काही करायचं नाही, अगदी प्लगसुद्धा पुसायचा नाही.

गॅरेजवाले तुला म्हणाले ना, 'भो, भंगारातून कंपनीच्या तयार इंजेक्शनचं, एमपीएफआयचं इंजिन उचल आणि बसव'? मलाही म्हणाले होते. घाटातल्या प्रकरणानंतर घरचेही म्हणाले, कार्ब्युरेटर परत लाव. मी लावला नाही. ते चुकलं असं मला अजून वाटत नाही. बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं तेव्हा तेही मॅनिफोल्डचा दाबच मोजत होतं, डी म्हणजे जर्मनमध्ये द्रुक, दाब. ते समजून घेऊन हाताने उभं करण्यात मी जे शिकलो ते तयार डबा आणून शिकलो नसतो. पैसे गेले, मान्य. पण मी अडाणीपणाने हट्ट केला असं कुणी म्हटलं तर आजही भांडेन. माझी चूक इंजेक्शन बनवण्यात नव्हती, एका रात्रीत तीन बदल करण्यात होती.

एक गोष्ट मात्र थांबवू नकोस, आजच कर. पंपापासून रेलपर्यंतची नळी कार्ब्युरेटरच्या काळातली असेल तर काढून टाक. तिथे आता ३ बार दाब आहे. इंजेक्शनचीच नळी आणि तिचेच क्लॅम्प लाव. इंजिन बंद पडलं की पंपाचा रिले सुटतो का, तेही बघ. इथे मी 'हळूहळू कर' म्हणणार नाही.

इंजेक्टर आणि पंप जुनेच परत लाव. टेबलही आठ दिवसांपूर्वीचं भर, जपून ठेवलं असशील तर. नसेल ठेवलं तर तसं स्पष्ट लिही. मग रविवारी दुपारी दोनला गाडी उन्हात उभी कर, अर्ध्या तासाने स्टार्ट कर आणि पहिल्या दोन मिनिटांचा लॉग, म्हणजे स्पीडुइनोने नोंदवलेले आकडे, पाठव. सेन्सर अजून जुन्याच जागी असू दे. मला आधी तो ८० बघायचा आहे.